कर्वेनगरातून डीजे व्हायचंय? सुपाऱ्या कुठून येतात आणि आपला 'सीन' कसा उभा राहतो

"आज डीजे आहे" या वाक्याचा अर्थ पुण्यात ते कुठे उभं राहून म्हटलंय त्यावर ठरतो. कोरेगाव पार्कातल्या पबबाहेर त्याचा अर्थ एक माणूस. एका कानावर हेडफोन, समोर कन्सोल, इन्स्टावर त्याच्या नावाचं पोस्टर. कर्वेनगरातल्या गल्लीत त्याच वाक्याचा अर्थ ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. तिथे डीजे हा माणूस नसतोच, ती वस्तू असते. "डीजे लावला", "डीजे बंद करा", "डीजे जप्त केला" ही सगळी वाक्यं वस्तूबद्दलची.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. गंमत अशी की रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला जी कंपनी काढली, तिचं नाव झालं ते टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. आवाज साफ करणाऱ्याचं नाव कानठळ्या बसवणाऱ्या यंत्राला लागलं.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. नवा डीजे सोसायटीच्या सेक्रेटरींकडे हॉल मागायला जातो, तेव्हा तो स्वतःबद्दल बोलत असतो आणि समोरच्याला भिंत ऐकू येते. उत्तर ठरलेलं असतं. पुण्याच्या या भागात डीजेला काम मिळणं आणि त्याच्याभोवती दर्दी मंडळींचा एक गट तयार होणं, या दोन्ही गोष्टी याच एका गैरसमजावर अडतात. तो कसा सुटतो ते पुढे येईलच. आधी काम कुठे आहे ते पाहू.

पबकडे नजर, काम मात्र नदीकाठी

कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्व्यांनी १९०० मध्ये इथल्या माळावर झोपडीत शाळा आणली. आज तिथे मुलींच्या शाळा-कॉलेजांचा मोठा परिसर आहे, कमिन्स कॉलेज आहे, आजूबाजूला होस्टेल आणि पीजी, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायट्या. म्हणजे ऐकणारी तरुण मंडळी भरपूर आणि दहाला झोपणारी ज्येष्ठ मंडळीही तितकीच. पबचा पट्टा इथे नाही. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा इथे. पश्चिमेकडे बाणेर-बालेवाडी.

त्यामुळे इथला नवा डीजे पहिली दोन वर्षं दुचाकीवर कंट्रोलर बांधून नदीपलीकडे चकरा मारण्यात घालवतो. पण राजाराम पुलापासून म्हात्रे पुलापर्यंत जाणाऱ्या डीपी रस्त्यावर लॉन्स आणि मंगल कार्यालयांची रांग आहे. लग्नसराईत तिथे संध्याकाळी गाडी पुढे सरकत नाही. संगीत, हळद, रिसेप्शन, साठी, वाढदिवस, कंपन्यांची स्नेहसंमेलनं असं सगळं तिथे होतं, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी गाणी लावत असतं. बहुतेक वेळा तो कुणीतरी म्हणजे साउंडवाल्याचा पोरगा आणि त्याचा लॅपटॉप. ती जागा चांगल्या डीजेची वाट बघत असते, फक्त तिला ग्लॅमर नसतं.

(या रस्त्यावरच्या काही लॉन्सच्या बांधकामांवर महापालिकेने वेळोवेळी कारवाई केली आहे. सुपारी घेताना ठिकाण बदलू शकतं हे गृहीत धरलेलं बरं.)

'सुपारी' हा शब्दही इथलाच. बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, तमाशाचे फड, सगळे कार्यक्रम ठरला की "सुपारी घेतली" म्हणतात. पुण्यातले नवे डीजे 'गिग' म्हणतात. अर्थ एकच, फक्त सुपारी म्हटलं की हाती आगाऊ रक्कम आलेली असते.

वर्ष कसं जातं

नोकरदाराचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, लग्नातल्या डीजेचं तुळशीच्या लग्नाला. त्यानंतर मुहूर्त निघायला लागतात ते पौषात थोडे मंदावून थेट जेठापर्यंत चालतात. आषाढात देव झोपले की लग्नं थांबतात आणि चातुर्मासात या बाजूचा फोन जवळजवळ वाजत नाही. पहिल्याच वर्षी नोकरी सोडलेल्या अनेकांना हा चार महिन्यांचा खड्डा माहीतच नसतो.

या खड्ड्यात दहीहंडी आणि गणपती येतात. नवरात्रात दांडिया, कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम. दिवाळी पहाटेला डीजेचं काम नाही, तिथे पेटी-तबल्याचं राज्य. मग ३१ डिसेंबर, फेब्रुवारीत शिवजयंती आणि कॉलेजांची संमेलनं, मार्चमध्ये धुळवड-रंगपंचमी, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती.

यातली मिरवणुकांची कामं मोठी दिसतात, पण तिथे डीजेपेक्षा साउंड सिस्टीमच्या मालकाचा धंदा असतो. ट्रॉली त्याची, जनरेटर त्याचा, नाव मंडळाचं. कन्सोलवर उभ्या असलेल्या मुलाचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. गुन्हा दाखल झाला तर मात्र त्याचं नावही यादीत येऊ शकतं. नवख्याने मिरवणूक घ्यावी का? अनुभवासाठी एखादी ठीक. ओळख तिथे तयार होत नाही.

कोजागरी आणि दांडिया मात्र सोन्यासारख्या संध्याकाळी आहेत. पैसे कमी मिळतात, पण समोर दीडशे ओळखीची घरं असतात आणि त्यातल्या निदान दोन घरांत पुढच्या वर्षी लग्न असतं.

फोन कुणाचा येतो

इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर ग्राहक थेट येतात ही समजूत अर्धीच खरी आहे. प्रोफाइल बघून लोक खात्री करतात. नाव मात्र त्यांना आधी कुणीतरी सांगितलेलं असतं. लग्नाच्या कामात ते सांगणारे पाच जण असतात: लॉनचा मॅनेजर, डेकोरेटर, केटरर, फोटोग्राफर आणि साउंडवाला. यातला साउंडवाला सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याला दर आठवड्याला वाजवणारा माणूस हवाच असतो. आणि तो एकाच प्रश्नावर माणूस पारखतो: हा माझे स्पीकर फाडणार नाही ना?

म्हणून लाल दिव्याची गोष्ट. मिक्सरवरचा मीटर लाल झाला की आवाज मोठा होत नाही, तो चिरतो आणि ट्विटर जळतात. नवा डीजे जोशात लाल दिव्यात वाजवतो, साउंडवाला मागून येऊन फेडर खाली ओढतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो. याउलट जो पोरगा कार्यक्रमाआधी तासभर येऊन वायर ओढायला मदत करतो, हिरव्यातच वाजवतो आणि जाताना केबल नीट गुंडाळून देतो, त्याला तोच साउंडवाला वर्षभर कामं देतो. मार्केटिंगच्या कोर्समध्ये हे कुणी शिकवत नाही.

फोटोग्राफरचं गणित वेगळं. त्याला गर्दी नाचतानाचा फोटो हवा असतो, डीजेला व्हिडिओ. दोघांनी आधी बोलून घेतलं तर दोघांचंही काम होतं. स्वतःच्या चेहऱ्याचे संथ गतीतले व्हिडिओ टाकण्यापेक्षा नाचणाऱ्या आज्जींचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ कैक पटीने जास्त कामं आणतो. अर्थात घरच्यांना विचारून.

पैशाचं बोलणं सुरुवातीलाच झालेलं बरं. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली वाजवायला उभं राहण्याआधी. रिसेप्शन संपल्यावर यजमान हिशेबाच्या मनःस्थितीत नसतात. व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज पुरतो: तारीख, जागा, किती ते किती, साउंड कुणाचा, रक्कम, आणि उशीर झाला तर काय. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. सात वाजताचं संगीत नऊला सुरू होतं आणि दहाला बंद करावं लागतं, मग "तासभरच वाजवलंस" म्हणून पैसे कापले जातात. वेळ यजमानांकडून गेली तर रक्कम तीच, हे आधीच लिहिलेलं असलं की वाद होत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. बिल मात्र पहिल्या कामापासून द्यावं. कंपन्यांची कामं बिलाशिवाय मिळत नाहीत.

ओळखीतल्या कामांचा प्रश्न पुण्यात हमखास येतो. "अरे, आपल्याच सोनूचं लग्न आहे, तुला काय पैसे द्यायचे!" इथे एक उपाय चालतो. काम फुकट करायचं असेल तर फुकटच करावं आणि आहेर म्हणून सांगावं. निम्म्या दरात केलं की तोच दर सगळ्या नातेवाईकांत पसरतो.

दहाचा काटा

इथे पुन्हा त्या भिंतीकडे यावं लागतं. देशात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. त्यानुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वाजवता येत नाही. बंद सभागृहासारख्या जागा त्याला अपवाद आहेत. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंधनांवर सविस्तर निकाल दिला. लॉन म्हणजे उघडी जागा. त्यामुळे लॉनवरची हळद दहाला थांबते, यजमान कुणीही असोत.

वेळेइतकीच पातळी महत्त्वाची, आणि ती फार थोड्या डीजेंना माहीत असते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. सार्वजनिक जागेवर लाउडस्पीकर असेल तर जागेच्या हद्दीवर तो त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो. खासगी जागेत ही सूट फक्त ५ डेसिबलची. म्हणजे कर्वेनगरातल्या सोसायटीच्या कुंपणावर दिवसा ६० डेसिबल. दोन माणसांचं नेहमीच्या आवाजातलं बोलणं साधारण तेवढंच असतं.

घाबरून जायचं कारण नाही, कारण हे मोजमाप कुंपणावरचं आहे, नाचणाऱ्यांच्या मधलं नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. त्यामुळे दोन प्रचंड स्पीकर एका टोकाला ठेवण्यापेक्षा चार छोटे स्पीकर नाचायच्या जागेच्या चार कोपऱ्यांत आतल्या बाजूला तोंड करून ठेवले, तर मध्ये भरपूर आवाज मिळतो आणि शेजारी कमी जातो. उंच सूर भिंतीत अडतात, बेस अडत नाही. तक्रार करणाऱ्या काकूंना गाणं ऐकू येत नसतं, खिडकीचं तावदान थरथरत असतं. साठ हर्ट्झच्या आसपासचा बेस थोडा उतरवला तरी निम्म्या तक्रारी संपतात. फोनवरच्या मोफत अॅपने मोजलेला आकडा न्यायालयात टिकत नाही, पण अंदाज नक्की येतो.

मिरवणुकांचा इतिहास या सगळ्याच्या पाठीशी आहे. २०१८ मध्ये साउंड-लाइट व्यावसायिकांची 'पाला' ही संघटना उच्च न्यायालयात गेली होती, गणेश विसर्जनात डीजे-डॉल्बीवर पोलिसांनी घातलेले निर्बंध उठवावेत म्हणून. न्यायालयाने दिलासा दिला नाही. २०२३ च्या मिरवणुकांनंतर लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या वर्षी पुण्यात लेझरवर बंदी आली. सेक्रेटरी काका हॉल नाकारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हे सगळं असतं. ते चुकीचे नसतात.

गाण्यांचा परवाना

रेकॉर्ड केलेलं गाणं सार्वजनिक ठिकाणी वाजवलं की दोन हक्क येतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क, जो अनेक कंपन्यांच्या वतीने पीपीएल ही संस्था सांभाळते, आणि शब्द-चालीचा हक्क, ज्यासाठी आयपीआरएस आहे. काही कंपन्यांची गाणी नोव्हेक्सकडे आहेत. पब, हॉटेल, कंपनीचा कार्यक्रम, ३१ डिसेंबरची पार्टी, यांना परवाना लागतो आणि तो सहसा आयोजकाने किंवा जागेच्या मालकाने काढायचा असतो. डीजेने तो दाखवायला सांगावं, निदान मेसेजमध्ये विचारून ठेवावं.

लग्नाचं वेगळं आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभ येतात असं स्पष्टीकरणच दिलेलं आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये याची आठवण करून देणारी सूचना काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच विषयावर परिपत्रक काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. कलम मात्र कायम आहे. त्यामुळे हॉटेलातल्या संगीतावरून अजूनही वाद होतात.

सोसायट्यांसाठी याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी फारशी कुणाला ठाऊक नाही. निवासी इमारतीतल्या रहिवाशांच्या सामायिक बंद हॉलमध्ये, मुख्यतः रहिवाशांसाठीची सोय म्हणून रेकॉर्डिंग ऐकवलं तर तो हक्कभंग ठरत नाही. बाहेरच्यांना तिकीट लावून बोलावलं की ही सूट उरत नाही. मग परवानेही लागतात आणि पोलिसांची परवानगीही.

स्ट्रीमिंग अॅपचे पैसे भरले म्हणजे लग्नात गाणी वाजवायचा हक्क मिळाला, असं मात्र नाही. ती वर्गणी स्वतः ऐकण्यासाठीची असते. शिवाय लॉनवर नेट जातं ते नेमकं नवरीच्या एंट्रीला. गाणी विकत घेऊन स्वतःजवळ ठेवलेली बरी.

पबमध्ये पाय कसा ठेवायचा

पबच्या मॅनेजरला गाण्यांशी घेणं कमी असतं. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: मंगळवार-बुधवारची रिकामी टेबलं भरावीत आणि शनिवारी बिघाड होऊ नये. नवख्याला शनिवार मिळत नाही, मागूही नये. मधल्या वारी 'ओपनिंग'चा, म्हणजे पहिल्या तासा-दीड तासाचा स्लॉट मिळतो. तिथे लोक जेवत असतात. त्यांना बोलता येईल इतक्या आवाजात, हळूहळू चढत जाणारं काही वाजवायचं, आणि मुख्य डीजेची हुकमी गाणी त्याच्या आधी संपवायची नाहीत. जो हे सांभाळतो त्याला मुख्य डीजेच पुढच्या वेळी नाव घेऊन बोलावतो.

मिक्स पाठवायचा तर तीस मिनिटांचा पाठवावा, त्या जागेसाठी बनवलेला. आणि पाठवण्याआधी ग्राहक म्हणून निदान दोनदा तिथे जाऊन यावं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा आणि त्याची एक जोडही खिशात असावी; पबमधले अनेक प्लेअर एनटीएफएसचा ड्राइव्ह वाचतच नाहीत, आणि हे कळतं ते उभं राहिल्यावर. "पन्नास जण आणलेस तर वाजव" अशी अट काही ठिकाणी असते. ती एकदा पाळता येते. दुसऱ्या वेळी तेच मित्र फोन उचलत नाहीत. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ ही वयाची अट आहे, त्यामुळे कर्वेनगरच्या होस्टेलमधली निम्मी मंडळी तशीही तिथे येऊ शकत नाहीत. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर पब वय आणि वेळ दोन्हींबाबत जास्त काटेकोर झाले.

सीन: एका हॉलची गोष्ट

इथवर पोटापाण्याचं झालं. पण ज्याला स्वतःच्या आवडीचं संगीत वाजवायचं आहे त्याला लग्न पुरत नाही आणि पब ते वाजवू देत नाही. त्यासाठी 'सीन' लागतो: एकाच प्रकारचं संगीत आवडणारी पन्नास माणसं, जी पुन्हा पुन्हा एकत्र येतात.

मोठ्या महोत्सवांतून तो तयार होईल असं पुण्याला वाटलं होतं. एनएच७ वीकेंडर २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला. गोव्यातला सनबर्न २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षं पुण्याच्या वेशीवर, आधी केसनंदला आणि मग बावधनला झाला आणि परत गोव्याला गेला. अशा महोत्सवातून हजारोंना एक रात्र मिळते. पण स्थानिक डीजेला हवी असते दर महिन्याची एक तारीख, आणि ती महोत्सव देऊ शकत नाही.

ती कुठून येते याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कर्वेनगरला अगदी जवळचं वाटेल. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरचा रहिवाशांचा हॉल. सिंडी कॅम्पबेल या शाळकरी मुलीला शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. तिने हॉल भाड्याने घेतला, हाताने लिहून आमंत्रणं वाटली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट लावलं, आणि भावाला गाणी लावायला उभं केलं. तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. त्याने गाण्यातला नाचायचा तुकडा दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लांबवला. हिप-हॉपचा जन्म याच पार्टीत झाला असं मानतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हॉल ठरवणारी, माणसं जमवणारी आणि हिशेब ठेवणारी सिंडी होती. प्रत्येक सीनला एक हर्क आणि एक सिंडी लागते, आणि पुण्यात हर्कना तोटा नाही.

कर्वेनगरात हाच हॉल प्रत्येक दुसऱ्या सोसायटीत आहे, बहुधा रिकामा, टेबल टेनिसचं टेबल घडी करून ठेवलेला. तो मागताना "डीजे नाइट करायची आहे" हे वाक्य वापरायचं नाही. "काका, रविवारी चार ते आठ गाण्यांचा कार्यक्रम आहे. दोन छोटे स्पीकर, दारं बंद, आठला हॉल झाडून किल्ली वॉचमनकडे. तुम्ही आणि काकू पहिला अर्धा तास या, जुनी गाणी लावतो." आणि पहिला अर्धा तास खरंच जुनी गाणी लावायची. ज्या सेक्रेटरींनी स्वतः एकदा हॉलमध्ये बसून ऐकलं, ते पुढच्या वेळी तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला स्वतःच उत्तर देतात.

दुपारची वेळ इथे निव्वळ तडजोड म्हणून नाही. होस्टेलच्या मुलींना रात्रीची वेळ पाळावी लागते. चार ते आठ हा कार्यक्रम त्यांना येता येईल असा असतो, आणि कर्वेनगरात ऐकणाऱ्यांत त्याच जास्त आहेत. कन्सोलवरही त्यांना आणायचं तर शिकायची जागा रात्री एकच्या पबमध्ये असून चालत नाही. गेल्या काही वर्षांत मुंबई-बंगळूर-पुण्यात कॅफेमध्ये दिवसाढवळ्या कॉफी पार्ट्या व्हायला लागल्यात. दारू नाही, दहाचा प्रश्न नाही, वयाचा प्रश्न नाही. कर्वे रस्ता आणि कोथरूडच्या कॅफेंना रविवारची दुपार भरायला अशी कल्पना सुचवून बघता येते. फक्त तिथे परवान्याचं आधी बोलायचं.

एकट्याने हे चालत नाही. तिघं-चौघं हवेत, प्रत्येकी पाऊण तास. एकाचा कंट्रोलर, दुसऱ्याचे स्पीकर, तिसरीचं पोस्टर. तारीख ठरलेली हवी, म्हणजे महिन्याचा दुसरा रविवार तर दुसराच रविवार. पहिल्यांदा चाळीस येतील, त्यातले तीस मित्र. तिसऱ्यांदा पंधरा येतील आणि इथेच बहुतेक जण बंद करतात. त्या पंधरांत चार अनोळखी असतात. ते चौघं कोण आहेत, काय ऐकतात, हे विचारणं सिंडीचं काम.

नवे लोक कुठून येतात? फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धांच्या तालमीतून, जिथे संगीत, नृत्य, नाटक, चित्रकला एकाच सादरीकरणात बसवताना कुणीतरी रात्रभर लॅपटॉपवर ट्रॅक जोडत असतो. ढोल-ताशा पथकांतून, जिथे लयीचे पक्के कान असलेली शेकडो मुलं-मुली आहेत. पथकवाला आणि डीजे एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात, मिरवणुकीत ते आहेतही. पण हॉलमध्ये एक ताशा आणि एक कंट्रोलर एकत्र वाजला तर काय होतं, ते ऐकायला लोक दुसऱ्यांदा येतात.

आणि वाजवायचं काय? इंग्रजी टेक्नोच हवं असं काही नाही. 'सैराट'मधलं अजय-अतुलचं 'झिंगाट' २०१६ पासून प्रत्येक लग्नात वाजतंय. ते लावायला डीजे लागत नाही. पण २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी हाउस गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या मोठ्या डच लेबलवर आलं आणि परदेशातल्या डीजेंनीही वाजवलं. मराठीत हाउस होऊ शकतं हे ते सिद्ध करतं. आता कर्वेनगरातल्या मुलीने आपल्या आजीच्या ओव्या रेकॉर्ड करून त्याखाली बीट घातला, तर तो ट्रॅक दुसऱ्या कुठल्याच डीजेकडे नसेल. घरचं रेकॉर्डिंग असल्याने परवान्याचा घोळही कमी. आजीची परवानगी तेवढी लागेल.

एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते, ती कानांची. अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास राहणं ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटं उरते. डीजे तिथे चार तास उभा असतो. संगीतासाठीचे इअरप्लग ऑनलाइन मिळतात, आवाज सारखा उतरवतात, गाणं बुजवत नाहीत. कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, पुढच्या सुपारीपर्यंत थांबायचं नाही.